फिट या शब्दाला बंदी होती

आमच्या घरात एक शब्द बोलायला बंदी होती. शिवी नव्हती ती. शिव्या आमच्याकडे सढळ आहेत, मालवणी घर आहे, आई लाडानंसुद्धा शिवीच घालते. बंदी होती 'फिट' या शब्दाला. माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, लहानपणी फिट यायच्या आणि तो शब्द उच्चारला की आणखी एक येईल, असं आईच्या डोक्यात बसलं होतं.

आई त्याला 'ते' म्हणायची. "काल तिला ते झालं," असं बाबांना हळूच सांगायची. शाळेत बाईंना सांगायची वेळ आली तेव्हा तिनं अशक्तपणा असतो म्हणून सांगितलं. घाटकोपरच्या आमच्या मजल्यावर मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. दारं दिवसभर उघडी असत, लपणार काय? ताई पडली की समोरचे काका चप्पल घेऊन धावत यायचे, शेजारच्या काकू कांदा फोडून आणायच्या, कुणी तिच्या मुठीत चाव्या कोंबायचं. मी दाराच्या फटीत उभी राहून बघत असे. भीती वाटायचीच, पण खरं सांगायचं तर मी थक्क व्हायचे. आत्ता माझी वेणी घालणारी ही मुलगी एका क्षणात कुठे निघून जाते आणि थोड्या वेळानं परत कशी येते, हे मला काही केल्या कळत नसे. ती उठून बसली की मी तासभर तिला चिकटून राहायचे आणि मधून मधून तिचा हात दाबून बघायचे.

आता मुंबईच्या उपनगरात राहायचं आणि फिट हा शब्द टाळायचा म्हणजे काय कसरत असेल, विचार करा. खालच्या शिंपीणबाईंच्या दुकानावर पाटीच होती, फिटिंगचे ब्लाउज शिवून मिळतील. आई त्यांना सांगायची, अंगासरसा बसेल असा शिवा. नळवाला विचारायचा, नवीन फिटिंग टाकू का, तर आई म्हणायची, नवीन तोटी बसवा. सगळी दुनिया खोली दहा बाय बारा फिटची म्हणते, आई आवर्जून फूट म्हणायची. काकूंचा मुलगा जिमला जाऊन फुगला आणि सगळा मजला त्याला काय फिट झालायस म्हणून वाखाणायला लागला, तेव्हा आईनं त्याला धट्टाकट्टा म्हटलं. तो बिचारा नाराज झाला. त्याला वाटलं, ही आपल्याला जाड म्हणतेय. त्या एका शब्दाच्या भीतीपायी आमची आई अख्ख्या इमारतीत सगळ्यात शुद्ध मराठी बोलायची, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

कहर म्हणजे आमचे बाबा फिटर होते. भांडुपच्या एका कंपनीत यंत्रं जुळवायचं काम. आजोबा गिरणीत होते, ती बंद पडली आणि बाबा आयटीआय करून फिटर झाले. पण हे आईच्या तोंडून कुणी कधी ऐकलेलं नाही. मिस्टर काय करतात असं विचारलं की ती म्हणायची, कंपनीत आहेत. त्यामुळे आमच्या काही नातेवाइकांना कितीतरी वर्षं बाबा साहेब आहेत असंच वाटत होतं आणि एकानं तर आपल्या मुलाला चिकटवून घ्या म्हणून गळ घातली होती.

पाचवीत आम्हाला इंग्रजी सुरू झालं. बाईंनी फळ्यावर हाच शब्द लिहिला आणि पुढे अर्थ लिहिला, निरोगी, सुदृढ. मी फळ्याकडे बघतच राहिले. बाईंचं चुकलंय याची मला खात्री होती. मी हात वर करून म्हणाले, बाई, फिट म्हणजे आजार. बाई हसल्या आणि म्हणाल्या, तोही एक अर्थ आहे. तोही! म्हणजे एकच शब्द, तसाच लिहायचा, तसाच म्हणायचा, आणि तो एकाला म्हणतो तू ठणठणीत आहेस आणि दुसऱ्याला जमिनीवर पाडतो. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझं रस्त्यात लक्ष नव्हतं. असले शब्द बनवतं तरी कोण आणि त्यांना परवानगी कोण देतं, असं काहीतरी मनात चाललेलं होतं. पुढे मी भाषांतराची कामं करू लागले, त्याचं मूळ त्या दुपारीच आहे असं मला वाटतं.

आईला विचारायची सोय नव्हती. म्हणून बाबांना विचारलं. ते तेव्हा मोरीच्या दाराची आतली कडी काढून ती बाहेरून लावत होते, म्हणजे ताई आत असताना कडी लावून घेऊ शकणार नाही. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना त्यांनी आधीच कंपनीतलं रबर कापून बसवलं होतं, शेगडीभोवती पट्ट्यांचं कुंपण केलं होतं. माझा प्रश्न ऐकून त्यांनी आई जवळपास नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "दोन वस्तू एकमेकींत अशा बसल्या पाहिजेत की मध्ये फट नको आणि जोरही नको. त्याला फिट म्हणायचं." ताईचं काय, असं मी विचारल्यावर त्यांनी हातातला स्क्रू फिरवत ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले की तिच्या डोक्यात एखादी तार सैल असेल, डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती बसेल. मला ते पूर्ण पटलं. आपले बाबा यंत्रांचं जे करतात तेच डॉक्टर ताईचं करणार आहेत, याचा मला केवढा अभिमान वाटला.

नंतर मला आणखी एक गंमत सापडली. मराठीतही एक फिटणं आहेच आणि त्याचा इंग्रजीशी काडीचाही संबंध नाही. हौस फिटते, भ्रम फिटतो, आईबापांचे पांग फिटतात, काही सुंदर दिसलं की डोळ्यांचं पारणं फिटतं. म्हणजे जे अडलेलं, बाकी राहिलेलं असतं ते सुटतं. आई हेही शब्द टाळायची. मुलांनी पांग फेडावेत असं म्हणायची, फिटावेत कधी म्हणाली नाही. मी मनातल्या मनात हे सगळे अर्थ एकापुढे एक मांडत बसायचे आणि दर वेळी चकित व्हायचे. आजही होते.

गोळ्या लागू पडल्या. दहावीनंतर ताईला एकदाही फिट आली नाही. ती पदवीधर झाली, इकडेतिकडे नोकऱ्या केल्या आणि गेल्या वर्षी सांताक्रूझच्या विमानतळावर प्रवाशांची तिकिटं तपासून सामान घेण्याच्या काउंटरवर तिची निवड झाली. लहानपणापासून तिला हेच हवं होतं. गणवेश, नीट बांधलेला अंबाडा, समोर देशभरची माणसं. आता फक्त मेडिकल बाकी होतं. अंधेरीच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन डॉक्टरांकडून फिट असा शेरा आणायचा. नोकरी त्या एका शब्दावर अडली होती. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मेडिकलला आई येणार म्हणजे येणार. तिला सांभाळायला म्हणून मी. घरून निघताना आईनं आम्हा दोघींना दम भरला की त्याबद्दल आत चकार शब्द काढायचा नाही, इतकी वर्षं झाली, आता कशाला उकरायचं? ताई फक्त "बघू" म्हणाली. मला तिचं ते बघू आवडलं नाही. मी आईच्या बाजूची होते हे सांगायला हवं. नोकरी हातची गेली तर ताईचं काय होईल, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

वजन, उंची, डोळे, रक्त सगळं झालं. शेवटी डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं आणि आई न विचारता आत घुसली, मागोमाग मी. डॉक्टर उत्तरेकडचे, वयस्क, घाईत. कागद चाळता चाळता त्यांनी मान वर न करता सहज विचारलं, "लड़की फिट है ना?"

आई दचकली. तिला वाटलं, यांना कळलं.

"नाही, नाही," ती म्हणाली. "फिट वगैरे काही नाही हिला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "फिट नहीं है?"

"अजिबात नाही," आई ठामपणे म्हणाली.

मी आईकडे बघत राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि आपल्या मुलीची वाट लागू नये म्हणून तिनं तो नेमका वाट लावेल असा वापरला होता. डॉक्टर चष्मा काढून ताईकडे पाहू लागले. धडधाकट मुलगी समोर बसलीय आणि आई म्हणतेय फिट नाही. मी काहीतरी सावरायला तोंड उघडलं, पण मला शब्दच सुचेना. हा सगळा घोटाळा ज्या शब्दानं केला, त्याचे दहा अर्थ मला पाठ होते.

ताई हसायला लागली. अगदी मोकळं हसली. मग नीट बसून म्हणाली, "डॉक्टर, मला लहानपणी फिट यायच्या. दहावीनंतर एकही नाही. गोळी रोज घेते, ही माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी. आई त्याबद्दल बोलतेय. बाकी मी फिट आहे."

आईनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि बरंच काही विचारलं, झोप किती, गोळी कधी चुकते का, काम नेमकं कुठे बसून. ताई एकेक उत्तर देत होती, आवाज जराही हलला नाही. मला एवढंच जाणवत होतं की ज्या गोष्टीला आम्ही सगळे घाबरून बसलो होतो, ती हिच्या ताब्यातली होती. विमानांजवळ गाडी चालवायचं काम दिलं तर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग कागदावर लिहिलं आणि वाचूनही दाखवलं, काउंटरच्या कामासाठी फिट.

परतीला दुपारची मेट्रो होती, तिघींना शेजारी शेजारी जागा मिळाली. साकीनाका मागे पडलं. मला वाटलं, आई आता ताईला फैलावर घेणार. आई मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत होती. मग तिनं ताईकडे न बघता विचारलं,

"फिट इली की तुका कसा वाटायचा गो?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

"काही नाही वाटायचं," ताई म्हणाली. "मला कळायचंच नाही. जाग आली की पहिलं तुझं तोंड दिसायचं. त्याची भीती वाटायची."

"माझ्या तोंडाची?"

"हो. म्हणून मी लगेच शिरा मागायचे. म्हणजे तू उठून कामाला लागायचीस."

मला ते शिरे आठवले. तूप सुटलेले, गरम. मलाही वाटीभर मिळायचा आणि असा अवेळी शिरा कशासाठी, याचा मी कधी विचार केला नाही. आईनं आता मान वळवून ताईकडे पाहिलं.

"भूक नाय होती तर खाल्लंस कित्याक?"

"तू समोर बसून बघायचीस ना," ताई म्हणाली. "मी खाल्लं की तुझं तोंड नीट व्हायचं."