जावयाचा पंखा

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इन्व्हर्टरवर पंखा चालू असताना मी झोपत नाही. कालही बॅटरीत पाणी भरताना तो उग्र वास नाकात गेला आणि मी मनाने थेट सेलूकडच्या धरणात, सासऱ्यांच्या त्या जुन्या नावेत जाऊन पडलो.

सासरे मासेमारीच्या हंगामात त्या छपराच्या नावेतच राहत. नाव जराशी झिरपायची. साचलेलं पाणी बाहेर फेकायला छोटा पंप होता आणि सगळ्याला मिळून बॅटरी एकच. मी नवा जावई, पहिल्यांदाच तिथे पाहुणा. त्यांनी बॅटरीला पंखा जोडला आणि म्हणाले, "आराम करा, जवाईबापू. काई फिकर नोका करू." मी दुपारभर राजासारखा घोरलो. तेव्हा तो मला माझा हक्कच वाटला. आज कळतं, बॅटरी उतरताना ते जीव मुठीत धरून बघत असतील. पण जावयाचा पंखा बंद करायचा कसा?

पायांना गार लागलं म्हणून जाग आली. आभाळ काळं झालं होतं, लाटा नावेवर आपटत होत्या, काठ दिसेना. सासऱ्यांनी पंपाचं बटण दाबलं. पंप एकदाच घुरघुरला आणि गप्प झाला. पाणी घोट्यापर्यंत चढलं. मला पोहता येत नव्हतं. छपराचा बांबू कवटाळून मी, "मामाजी, आता काय होईल?" एवढंच विचारत राहिलो.

सासऱ्यांनी माझ्याकडे डबा भिरकावला आणि ओरडले, "जवाई असशील घरी! इथं पानी फेक बे!"