शोमारी शिंप्याचा फोन खरं बोलू लागला

तांगा शहरात, न्गामियानीच्या बाराव्या गल्लीत शोमारीसारखा शिवणारा हात नाही आणि शोमारीसारखी जीभही नाही. मी त्याच्या शेजारी मांडाझी, म्हणजे गोड फुगीर वडे, तळते. आमच्या दोघांमध्ये एक पत्र्याची भिंत, तीही गंजून चाळणी झालेली. त्यामुळे त्याचं खोटं मला नेहमी कढईतून काढल्यासारखं गरम मिळालं.

शिंपी खोटं बोलायचाच. पण बाकीचे नुसतं ‘उद्या या’ म्हणून मोकळे होतात. शोमारी गिऱ्हाइकाचं माप घेऊन खोटं बेतायचा. घाईत असलेल्या बाईला म्हणायचा, “फक्त काज-बटण राहिलंय.” देवभोळीला म्हणायचा, “शुक्रवारी कात्री हातात घेतली होती, तेवढ्यात बांग झाली. म्हटलं, आधी नमाज.” आणि नवऱ्याशी भांडून आलेलीला म्हणायचा, “एवढं सुंदर कापड! मन शांत नसताना हात लावायचा धीर होत नाही बघ.” ती हसत घरी जायची. कापड पिशवीत, पिशवी फळीखाली.

त्याला पुरून उरायची ती एक बी तातू; ‘बी’ म्हणजे आमच्याकडे ‘बाई’. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, शोमारीचेही कान तिने पिळलेले. ती यायची ती मुद्दाम एक ठरावीक कांगा नेसून, जिच्या काठावर छापलं होतं, ‘लबाडाची वाट आखूड’. दुकानात तोंडाने काही बोलायची नाही. नुसती काठ दिसेल अशी बाकावर बसायची आणि माझी चार मांडाझी खायची.

मग शोमारीची मुलगी साऊमू दार-एस-सलामहून परत आली. लहान धंदे फोनवर कसे चालवायचे, याचं ती शिक्षण घेऊन आली होती आणि गल्लीत कोणाला म्हणून सोडत नव्हती. कोळसेवाल्याला धरलं, सायकलवाल्याला धरलं. शेवटी बापाला.

“बाबा, शिवायचे किती कपडे पडलेत तुमच्याकडे?”

“अल्लाला ठाऊक.”

“आणि तुम्हाला?”

“त्याच्या कामात मी नाक खुपसत नाही.”

साऊमूने फळीखालच्या सगळ्या पिशव्या ओढून काढल्या. प्रत्येक कापडाचा फोटो, मालकिणीचं नाव, नंबर, सगळं फोनमध्ये भरलं. मग बापाला समोर बसवून समजावलं. कापड आलं की एक बटण, बेतलं की एक, शिवायला घेतलं की एक, तयार झालं की एक. बटण दाबलं की बाईला आपोआप निरोप जाणार.

शोमारीने फोन उलटसुलट करून पाहिला. “आणि ‘जवळजवळ झालंय’, ते कुठं दाबायचं?”

“तसं बटण नसतं, बाबा.”

“मग हा ज्याने केला त्याने आयुष्यात कधी सुई धरलेली नाही.”

पुढच्या रविवारी सकाळी साऊमूने फोन सुरू केला आणि तांगाभरच्या बायकांना एकदम निरोप गेला: ‘आपलं कापड मिळालं आहे. अजून बेतलेलं नाही.’ यातल्या निम्म्या बायकांचं काज-बटण कधीपासून राहिलेलं! माझा पहिला घाणा निघायच्या आत गल्ली भरली. पुढे बी तातू, मागे मासळीवाली बी चिकू. बी चिकू आली म्हणजे सावली आधी येते, इतकी ती रुंद. शोमारी पत्र्याच्या फटीतून माझ्याकडे घुसला आणि पिठाच्या पोत्यांमागे जाऊन बसला.

“मोशी, शोमारी कुठाय?” बी तातूने मला विचारलं.

“बँकेत गेलाय.”

“आज रविवार. बँक बंद असते.”

“म्हणूनच तर वेळ लागतोय,” मी म्हटलं.

तेवढ्यात पोतं शिंकलं. त्यापुढचं मी सांगत नाही, त्याच्यासोबत मलाही ऐकून घ्यावं लागलं. पण मांडाझी मात्र दुपारपर्यंत पुरली नाहीत.

शोमारी हार मानणारा नव्हता. त्याने सगळ्यांच्या नावापुढे ‘शिवतोय’ दाबून टाकलं. साऊमूने लगेच नियम केला, बटणासोबत फोटो हवाच. मग हा पठ्ठ्या मशीनवरच्या एकाच जांभळ्या बाहीचा फोटो सगळ्यांना पाठवायला लागला. ते दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी बी चिकू आणि बी तातू मासळीबाजारात भेटल्या, फोन शेजारी शेजारी धरले, आणि दोघी तशाच दुकानात आल्या.

“शोमारी,” बी चिकू म्हणाली, “ही बाही माझी असेल तर तिच्यात माझं फक्त मनगट जाईल.”

“आणि माझं कापड हिरवं आहे,” बी तातू म्हणाली.

त्या दिवसापासून साऊमूने फर्मान काढलं, ज्याचं त्याचं कापड फोटोत दिसलं पाहिजे. आता आली का पंचाईत! बेतलेलं दाखवायचं तर बेतावं लागणार. सुईखाली दाखवायचं तर सुईखाली न्यावं लागणार. त्याने एकदा दोरा न ओवताच मशीन चालवून फोटो काढला, तोही पोरीने ओळखला. शेवटी तो पत्र्यापलीकडून मला म्हणाला, “बी मोशी, एक खोटं बोलायला एवढी मेहनत पडणार असेल, तर शिवलेलंच स्वस्त पडेल.”

आणि तो शिवायला बसला. खरंच सांगते, माणूस मनावर घेतो तेव्हा काय करतो ते मी या पत्र्याच्या भोकातून पाहिलं. ईद जवळ आली होती. दर ईदला तो आदल्या दिवशी पळून पांगानीला बहिणीकडे जायचा. यंदा ईदच्या आधी आठवडाभर सगळे झगे तयार. अस्तर लावून, तुरपाई करून, कोळशाच्या इस्त्रीने कडक करून दोरीवर ओळीने टांगलेले. तो त्यांच्यासमोर उभा राहिला तो घरात लग्न असल्यासारखा. हात धुतले, पुसले आणि एकेकीच्या नावापुढे ‘तयार’ दाबलं.

कोणी आलं नाही.

दुपारी त्याने विचारलं, “निरोप गेले ना?”

“गेले. सगळ्यांनी वाचलेसुद्धा,” साऊमू म्हणाली.

एकीने उत्तरादाखल हसरी तोंडं पाठवली होती, ओळभर. बी चिकूने बोलून पाठवलं होतं, ते साऊमूने मोठ्याने लावलं: “शोमारी, मेल्या, तुझं तयार म्हणजे कात्रीला धार लावून आणलीस, एवढंच ना?”

दुसऱ्या दिवशी तो तिचा झगा हातावर घेऊन तिच्या दारी गेला. तिने खिडकीतूनच पाहिलं. “हा कोणाचा? मागच्या वर्षीसुद्धा असाच दुसरीचा दाखवून गेला होतास. हे कापड अर्ध्या तांगाने घेतलंय!” आणि खिडकी लावून घेतली. यात ती चुकली म्हणता येत नाही. मागच्या वर्षी त्याने तसंच केलं होतं.

परत येऊन तो माझ्या बाकावर बसला. चहा दिला तो तसाच ठेवला. “आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, बी मोशी,” तो म्हणाला, “आणि लोक खिडक्या लावतात.” गंमत नव्हती ती. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता.

साऊमू रोज नवा निरोप लिहायची. फुलं घालायची. ‘आदरणीय ग्राहक’ म्हणायची. त्याने तर आणखीनच घोटाळा झाला. शोमारीकडून आपण आदरणीय कसे झालो, दुकान विकतोय की काय, अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली.

ईद परवावर आली. साऊमू दोरा आणायला बाजारात गेली होती, फोन मशीनवर ठेवून. शोमारीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, भोकातून माझ्याकडेही पाहिलं. मग एका बोटाने, शब्द शोधत शोधत, त्याने सगळ्यांना लिहून पाठवलं: ‘माफी असावी. कात्री हरवली आहे. तुमचं कापड ईदनंतर पाहू.’

चहाला उकळी फुटली नव्हती तोवर गल्ली हलायला लागली. बी चिकू हातातल्या मासे कापायच्या सुरीसकट. बी तातू तीच ती कांगा नेसून, पण आज तोंडानेही बोलत होती, आणि शाळेत कधी न वापरलेले शब्द.

“म्हातारपणी मला जुन्या झग्यात ईद करायला लावतोस? तुझ्या बापाने तुला...”

शोमारीने दुकानातला आतला पडदा सरकवला.

दोरीवर सगळे झगे. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

बी तातू सगळ्यात आधी सावरली. “म्हणजे खोटं बोललास?”

“हो.”

“तयार असताना तयार नाही म्हणालास?”

“आठवडाभर तयार आहे म्हणत होतो, बी तातू. आलात?”

तिने आपला हिरवा झगा दोरीवरून उतरवला, आतून बाहेर केला, एकेक शिवण डोळ्यांजवळ नेऊन तपासली. खोट सापडेना. “गळा थोडा मोठा आहे,” ती शेवटी म्हणाली.

“तुम्हीच सांगितला होता. फोनमध्ये आहे.”

बी चिकू पडद्यामागे जाऊन झगा घालून बाहेर आली. सगळ्या बायका कौतुकाने ओरडल्या, तसा शोमारी लाजून टेप गुंडाळायला लागला. तेवढ्यात साऊमू दोऱ्याची रिळं घेऊन आली. गर्दी पाहून ती आनंदाने म्हणाली, “पाहिलंत बाबा, माझ्या फुलांच्या निरोपाने झालं!” बायका आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या शोधायला लागल्या. संध्याकाळी तिने फोन वाचला, आणि मग आम्हाला पत्र्याच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ ऐकायला मिळालं. फोनला तिने कुलूपही घातलं.

‘तयार’ म्हटल्यावर लोक यायला लागले ते पुढे कितीतरी महिन्यांनी. पण यायला लागले. आता पार मुहेझा गावाहून शिवायला कापड येतं. दुकानात तीन मशीनं आहेत, दोन बाया कामाला आहेत, शोमारी फक्त बेततो.

आणि दुसऱ्या गल्ल्यांतले शिंपी हे कसं केलंत ते विचारायला येतात, तेव्हा तो त्यांना बाकावर बसवतो, माझ्याकडून चहा मागवतो आणि सांगतो, “कल्पना माझीच. पोरगी तयारच होत नव्हती, म्हणे, बाबा, फोनचं कशाला? मी म्हटलं, धंद्यात खरं बोलावं.”

आत साऊमू सुईत दोरा ओवत असते. ओठ घट्ट मिटून.