गव्हाच्या तीन प्रती आणि आम्ही तिघं

मंडळी, आज लई थकलेय.

मी गव्हावर संशोधन करते. आपल्या पोळीचा गहू फार पूर्वी तीन गवतं एकत्र येऊन झाला, म्हणून त्यात बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती असतात. उंची वाढवणाऱ्या एका जनुकाची एक प्रत आम्ही बंद केली होती. आज रोपं मोजली, तर काहीच फरक नाही! उरलेल्या दोघींनी तिचं काम उचललं. एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात.

या मोजणीपायी आज आईला व्यायामाला न्यायला जमणार नव्हतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सकाळीच आम्हा भावंडांच्या ग्रुपवर तसं लिहिलं. दादाचा अंगठा आला, ताईचे जोडलेले हात आले.

संध्याकाळी पडेगावला आईकडं गेले, तर आई घरातच बसलेली.

"कुणीच आलं नाय?"

"दोघांचेबी फोन आलते. म्हणले, तू येशीलच."

तुमच्याकडंही असंच असतं का हो?

मी तिच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसले. तिनं विचारलं, "तुझ्या गव्हाचं काय झालं?"

"एक बंद पडली, तर बाकीच्या दोघींनी सांभाळून घेतलं."

आई म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतोय गहू."