हुलग्याच्या खळ्यात खरे काय घडले

“दादाची गाडी परत सुटली. हुलग्यावर चाक गेलं की बरम्हदेवालाबी आवरत न्हाई, तितं ह्यो सत्तरीचा म्हातारा काय आवरणार? घाबरून नुसता गोल गोल फिरत ऱ्हायला. माझी दोरी बळकट, म्हणून मधी उभा असून वाचलो.”

हे शब्द माझ्या चुलतबंधूंचे. ते माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे आहेत आणि बोलण्याच्या बाबतीत गावात सर्वांहून थोरले. हा वृत्तान्त त्यांनी स्टँडवरच्या हॉटेलात सांगितला, दोन लग्नांत आणि एका दहाव्याला सांगितला, आणि शेवटी साताऱ्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाला फोनवर सांगितला. मुलाने तो खरा मानला. माझ्या गाडीची किल्ली आधीपासूनच त्याच्या खिशात आहे आणि आता कोरेगावचे एक गिऱ्हाईक गाडी पाहून गेले आहे. म्हणून हे लिहितो आहे. मुलाने वाचावे, गिऱ्हाइकाने वाचले तरी हरकत नाही, आणि चुलतबंधूंनी चष्मा पुसून वाचावे.

गाडी पहिल्या वेळी घसरली, हे मी कधीही नाकारलेले नाही. आमच्या खटावच्या बाजूला हुलगा, म्हणजे कुळीथ, काढला की डांबरी रस्त्यावर पसरण्याची रीत पडली आहे. येणारी-जाणारी वाहने तो मळून देतात. बैल नको की डिझेल नको. चुलतबंधूंनी त्या वर्षी तो नेमका ओढ्याच्या पुलाजवळच्या वळणावर पसरला होता. सकाळची वेळ, वर दव पडलेले. मी वडूजहून येत होतो. वळणावर गाडीचा मागचा भाग रस्ता सोडून निघाला, आणि चरातून जाऊन एका बाभळीला टेकला. सैन्यात माझे उभे आयुष्य ट्रक चालवण्यात गेले. कड्याच्या काठाने, बर्फावरून मी माणसे आणि दारूगोळा नेला आहे. तिथे घसरण टाळण्याचे सगळे शिक्षण मला मिळाले होते. वळणावर ओला हुलगा अंथरून ठेवणाऱ्या भाऊबंदाचे शिक्षण कोणत्याही पलटणीत देत नाहीत.

चुलतबंधू धावत आले. त्यांनी आधी चाकाखालचे दाणे हातात घेऊन पाहिले, मग मला पाहिले.

“लागलं न्हाई न्हवं, दादा? बरं झालं. माझा हुलगा मातुर निम्मा चरात गेला बगा.”

संध्याकाळपर्यंत हॉटेलात वाक्य तयार होते : “सुभेदारानं दुश्मनाला पाणी पाजलं, पर हुलग्यानं सुभेदार पाडला.” आठवड्याभरात मला ‘हुलगे सुभेदार’ असे नाव पडले. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. एके दिवशी त्यांच्या घरून पातेलेभर हुलग्याचे माडगे आले आणि सोबत निरोप : “दादाला पाजा. घोड्यालाबी ह्येच घालत्यात, अंगात बळ येतं.” मी ते माडगे प्यालो. अन्नावर माझा राग नव्हता. पातेले मात्र मी स्वतः घासून, स्वतः नेऊन त्यांच्या उंबऱ्यावर पालथे ठेवले, आणि त्याच वेळी मनाशी ठरवले की ज्या हुलग्याने मला पाडले म्हणतात, त्याच हुलग्यावर, त्यांच्याच डोळ्यांदेखत, मी गाडी घसरवून दाखवीन. आणि ती माझ्या हुकमाने घसरेल.

रविवारी मुलगा साताऱ्याहून आला आणि माझ्या गाडीची किल्ली घेऊन गेला.

चुलतबंधूंची मुलगी सांगलीला दिली आहे. ती मातीच्या मैदानावरच्या मोटारींच्या शर्यतींत गाडी चालवते. तिच्या बापाने आजवर तिची एकही शर्यत पाहिलेली नाही; पाव्हण्यांना ते सांगतात, “पोरगी गाड्यांच्या दुकानात हाय.” मी थेट तिच्याकडे गेलो. मुलाला सांगितले, गुडघ्याला सांगलीची हवा मानवते.

“काका, बाबा सांगत होते, तुमी बाभळीला मिठी मारून बसला होता म्हणं,” तिने पाण्याचा तांब्या पुढे करत म्हटले.

“तुझ्या बापाने बाभळीची बाजू घ्यावी हे रीतीलाच धरून आहे. दोघांनाही काटेच.”

ती हसली. मग मी कशासाठी आलो ते सांगितले. गाडी मुद्दाम आडवी करून, मागची चाके सुटलेली ठेवून, तरीही वळणावर ताब्यात ठेवायची. तिच्या जगात याला ड्रिफ्टिंग म्हणतात.

“ह्ये कुणावर काढायचंय?”

“कुणावर नाही.”

“म्हंजे माझ्या बापावर.” तिने तांब्या खाली ठेवला. “शिकवते. पर एक ध्यानात ठेवा, कुणाला गाडी लागली तर परत माझ्याकडं किल्ली मागायची न्हाई.”

कवठे महांकाळच्या बाजूला तिच्या सासऱ्यांचा पडीक मुरमाड माळ आहे. तिथे तिने सरावाची जुनी गाडी आणली. तिच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, आणि या विद्येला तेच लागते. माळाच्या मधोमध जुना टायर टाकून त्यात एक पहार उभी केली आणि शेजारी बसून तिने हुकूम सोडले : पहारेभोवती वळवा, क्लच दाबून एकदम सोडा, रेस द्या, मागचं निघालं की स्टिअरिंग उलटं फिरवा, आणि काहीही झालं तरी रेसवरचा पाय काढू नका.

पाय निघत असे. गाडी आडवी होताच आयुष्यभराचे वळण पायात जागे होई, पाय उचलला जाई, आणि गाडी स्वतःभोवती एक येडी गिरकी घेऊन स्वतःच्याच धुळीत बंद पडे.

“काका, पाय काढला!”

“आपोआप निघाला.”

“आपोआप कशाला निघतोय? तुमी भ्यालाय.”

हा शब्द मला आजवर कोणी तोंडावर ऐकवलेला नव्हता. तिला ऐकवू दिला, कारण ती शिकवत होती. मात्र तो बापाच्या खात्यावर मांडला.

सबंध उन्हाळा मी पंधरवड्या-पंधरवड्याने सांगलीची एसटी धरत होतो. गाडी मला कळली ती एका आठवणीमुळे. लहानपणी आमचे खळे एकत्र होते. मधोमध तिवडा म्हणजे लाकडी खांब रोवलेला, त्याला बैलांची पात जुंपलेली. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पाय टाकत फिरे आणि टोकाचा बैल त्याच वेळात जवळजवळ धावे. बैल मी हाकत असे. चुलतबंधू तिवड्याला टेकून हरभऱ्याचे घाटे खात उभे असत आणि वरून मला सांगत, “भायेरचा मागं ऱ्हायला बग.” माळावर एका सकाळी हे सारे डोळ्यांपुढे आले आणि मला उमगले, की गाडीचे नाक हा आतला बैल आहे आणि शेपूट हा टोकाचा. नाक तिवड्याशी धरायचे, शेपटाला धावू द्यायचे. त्या दिवशी पाय निघाला नाही. गाडी पहारेभोवती आडवी फिरत राहिली आणि पुतणीने डॅशबोर्डावर हात आपटले.

शेवटचा धडा नजरेचा होता. पहारेला आता तीही तिवडाच म्हणू लागली होती. “बॉनेटकडं बघितलं की गेलं. तिवड्यावरनं नजर काढायची न्हाई. डोळं जितं, गाडी तितं.” हा धडा मी फार मन लावून गिरवला.

यंदा रस्त्यावर वाहतूक वाढल्यामुळे चुलतबंधूंनी हुलगा रस्त्यालगतच्या आपल्या रानात खळे करून पसरला होता. पुतणी माहेरी आली ती सरावाची गाडी घेऊन, आणि सोबत मला बसवून. आम्ही खळ्यापाशी पोचलो तेव्हा ते ट्रॅक्टरची वाट पाहत, मधोमध उभे राहून काठीने हुलगा उसकटत होते. बांधावर शेजारची चार माणसे तंबाखू मळत बसली होती. चालकाच्या शेजारी मला पाहून चुलतबंधूंना चेव आला.

“आवं हुलगे सुभेदार! आज पोरीच्या शेजारी बसलाय व्हय? बरं केलं. हितं हुलगा हाय, जपून उतरा.”

बांध हसला. पुतणीने गाडी बंद केली, खाली उतरली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

मी गाडी खळ्यात घातली. पहिली फेरी साधी, हळू. चुलतबंधू जागेवरून हलले नाहीत. “मळायला आलाय व्हय, दादा? मळा मळा, माडग्याला हुईल!” दुसरी फेरी अर्धी झाली आणि मी क्लच सोडला.

मागची चाके हुलग्यावरून निघाली. मी स्टिअरिंग उलटे दिले, रेस धरून ठेवली, आणि गाडी त्यांच्याकडे नाक करून त्यांच्याभोवती आडवी फिरू लागली. नजर तिवड्यावर ठेवायची होती आणि त्या खळ्यात तिवडा एकच होता. त्यामुळे सर्व वेळ मी माझ्या चुलतबंधूंच्या तोंडाकडे पाहत होतो. आधी हसू तसेच राहिले, जणू ते पुसायचे विसरले होते. मग ते माझ्याबरोबर गोल वळू लागले, लहान लहान पावलांनी, आतल्या बैलासारखे. मग त्यांना घेरी आली असावी. ते थांबले आणि त्यांनी काठी दोन्ही हातांनी छातीशी उभी धरली. साठ वर्षांपूर्वी ज्याला टेकून ते घाटे खात असत, तसा खांब आता ते स्वतःच झाले होते. बैल याही वेळी मीच हाकत होतो. मनाजोगे होईपर्यंत फिरलो. त्यांच्या चेहऱ्यावरची एकही रेषा मी सोडली नाही, आणि खोटे कशाला बोलू, ते पाहण्यात मला मोठा आनंद झाला.

मग गाडी त्यांच्यासमोर उभी केली आणि काच खाली केली.

“ट्रॅक्टर माघारी धाड. मळणी झाली.”

बांधावरून पुतणीचा आवाज आला : “काका, पाय न्हाई काढला!”

आता त्यांच्या वृत्तान्ताकडे वळतो. फेऱ्या किती झाल्या, यावर गावात मतभेद आहेत. ते गावाने मिटवावेत. ‘घाबरून फिरला’ म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे, की घाबरलेला माणूस आधी काय सोडतो, रेस की ब्रेक? खळ्यातल्या चाकोऱ्याही अनेकांनी पाहिल्या. साध्या वळणात मागची चाके पुढच्यांच्या आतून जातात. माझ्या गाडीची बाहेरून गेली होती. चुलतबंधू यावर म्हणतात, “घसरल्यावर कुटंबी जात्यात.” ठीक आहे. चाकोऱ्या वारा पुसतो, बांधावरच्या साक्षीदारांना ते चहा पाजतात, आणि पुतणीची साक्ष ‘पोरगी चुलत्याला फितूर’ म्हणून बाद ठरते. हे सगळे मी त्यांना सोडून देतो.

एकच गोष्ट सोडत नाही, आणि माझ्या मुलाने ती जाऊन कोणालाही विचारावी. त्या खळ्यातला हुलगा चहूबाजूंनी मळून निघाला होता, शेंगा फुटून दाणा मोकळा झाला होता. फक्त चुलतबंधू जिथे उभे होते तिथला, मधोमध, दोन घोंगड्या अंथरता येतील एवढ्या नेमक्या गोलातला हुलगा शेंगेसकट जसाच्या तसा राहिला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांना स्वतः उकिडवे बसून, त्याच काठीने बडवावा लागला.