सत्तर किलोंची भाची

मी आयुष्यात एकदाच वजन उचलले, आणि तेही गुडघ्याच्या वर गेले नाही.

कारण घरगुती होते. आमच्याकडे नवरीला तिच्या मामाने उचलून मांडवात आणायचे असते. वैष्णवी ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, देऊळघाटची. तिच्या बारशाला मी तिला एका हातावर तोलून भरल्या घरात जाहीर केले होते, "हिले तर मी बोहल्यावर असंच नेईन." तेव्हा ती तीन किलोंची होती. पंचवीस वर्षांनी लग्न ठरले आणि ताईचा फोन आला.

"जमन ना रे सुधाकर तुले?"

मी मेहकरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मी उचलतो त्यातली सर्वात जड वस्तू म्हणजे आमच्या माजी प्राचार्यांचा गौरवग्रंथ. (तो अजून कोणीही घरी नेलेला नाही; स्वतः प्राचार्यांनीसुद्धा.) मी थेट वैष्णवीलाच फोन लावला.

"वजन किती तुझं?"

"काऊन मामा?"

"सहज."

"पासष्ट. शालू, दागिने धरून सत्तर पकडा."

लग्नाला तीन महिने होते. मी जिम लावली. तिथल्या सरांचे वय माझ्या छत्रीपेक्षा थोडेच जास्त असावे. त्यांनी मला तीन आठवडे नुसती रिकामी दांडी उचलायला लावली. मांडवात काही मी रिकामी दांडी घेऊन जाणार नव्हतो. चौथ्या सोमवारी सर फोनवर बोलत बाहेर गेले, तेव्हा मी दांडीला चकत्या लावून हिशेबाने सत्तर किलो केले. शेजारी आमच्याच कॉलेजची दोन पोरे होती. त्यातला एक म्हणाला, "सर, राहू द्या."

हे वाक्य ऐकून कोणी पुरुष मागे हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

दांडी गुडघ्यापर्यंत आली. मग उजव्या कोपरात ओली सुतळी तुटावी तसा आवाज झाला आणि (लोखंडी) भाची दाणकन खाली पडली.

दंडाचा स्नायू हाडाला बांधून ठेवणारा टेंडन अर्धा फाटला होता. "ऑपरेशन टळलं, नशीब समजा," डॉक्टर म्हणाले. "सहा आठवडे हात गळ्यात. मग हलका व्यायाम. चार महिने जड काही उचलायचं नाही."

"जड म्हणजे?"

"चहाचा कप चालेल. किटली नाही."

"आणि भाची?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "केवढी आहे?"

"लग्नाची आहे."

घरी आल्यावर बायकोला, शोभाला, मी सांगितले की वरच्या फळीवरचा शब्दकोश काढताना हात लचकला.

"कोणत्या भाषेचा?" तिने विचारले.

"मराठीचा."

"हाव का? त्या जिमवाल्याचा फोन येऊन गेला. तुमची पाण्याची बाटली तिथंच राह्यली म्हणे."

"ताईले सांगू नको."

"सांगून झालं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ताई हजर. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने माझ्या गळ्यातल्या हाताची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "आता पोरीच्या काकाले सांगा लागन."

हे मात्र मला कोपरापेक्षा जास्त लागले. तिचा काका दोन खांद्यांवर सोयाबीनची दोन पोती घेऊन हसत चालतो आणि चालता चालता फोनवरही बोलतो. पण मामा जिता-जागता असताना नवरी काकाने आणायची?

"मीच आणीन," मी म्हणालो.

"कशी? कपात घालून?" आतून शोभा म्हणाली.

सहा आठवडे तिने माझ्या सदऱ्याची बटणे लावली, पोळीचे तुकडे करून दिले आणि प्रत्येक घासाला एकदा 'सत्तर किलो' असे पुटपुटली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस "इथंच दुखते का?" म्हणून कोपर दाबून बघायचा, आणि मी ओरडलो की समाधानाने चहा घ्यायचा. नंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी अर्ध्या किलोपासून सुरुवात करायला सांगितले. मी तूरडाळीची पुडी घेऊन बसू लागलो. लग्नाच्या आदल्या दिवशी मी एक किलोपर्यंत आलो होतो. या वेगाने सत्तर गाठेपर्यंत वैष्णवीला एक-दोन लेकरे झाली असती.

लग्नाच्या दिवशी शोभाने माझा हात पुन्हा गळ्यात बांधला. "लोकायले दिसलं पाह्यजे," ती म्हणाली. नवरीच्या खोलीच्या दाराशी काका बाह्या सरसावून उभा. ताई दोघांकडेही बघत नव्हती.

"थांबा काका," वैष्णवी आतून म्हणाली. "मले मामाच आणतीन."

"बाई, मले एक किलोच उचलता येते," मी खरे ते सांगितले.

"मंग तेवढंच उचला." तिने हातातला नारळ माझ्या गळ्यातल्या हातात ठेवला, डाव्या दंडाला धरले आणि आम्ही निघालो.

इथपर्यंत सगळे देखणे चालले होते. पण नवरदेवाकडच्यांनी नवरीच्या आगमनासाठी धूर सोडणारे यंत्र आणले होते. आम्ही स्टेजपाशी पोचलो आणि त्या यंत्राने असा काही धूर ओकला की पायऱ्या, भटजी आणि नवरदेव एकदमच नाहीसे झाले. मी अंदाजाने पाय टाकला. तिथे पायरी नव्हती. मी पडू लागलो, एवढ्यात एक बांगड्या भरलेला हात माझ्या कमरेभोवती आला आणि मी वर उचलला गेलो.

धूर ओसरला तेव्हा मी बोहल्याशेजारी उभा होतो, छातीशी नारळ घट्ट धरून. नवरीचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. नवरदेव तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता, तीत प्रेमापेक्षा आदर जास्त होता. वर ड्रोन फिरत होता. त्यामुळे या प्रसंगाचे चित्रण चारी बाजूंनी उपलब्ध आहे. काकाने बाह्या खाली सोडल्या. ताई आधी हसली, मग रडली, आणि पुढे कितीतरी वेळ दोन्ही एकदम करत राहिली.

पाठवणीच्या वेळी वैष्णवी माझ्या डाव्या खांद्यावर डोके ठेवून खूप रडली. मीही रडलो. मग डोळे पुसत ती माझ्या कानात म्हणाली, "मामा, माझ्या बहिणीच्या लग्नापर्यंत थोडं वजन कमी करा. तिच्यात माझ्याएवढी ताकद नाही."

बहीण सध्या बारावीत आहे. मी रात्रीची एक पोळी कमी केली आहे. तिला मात्र बुलढाण्यात चांगली जिम लावून दिली आहे.