कोण बोंबलतंय ते बघू

आमच्या खराडीच्या ऑफिसात एक पद्धत आहे. एखादी जुनी गोष्ट कोणी वापरतंय की नाही हे कळत नसेल, तर ती थोडा वेळ बंद ठेवायची आणि कोण बोंबलतंय ते बघायचं. कोणीच बोंबललं नाही, तर कायमची बंद. आमच्या प्लॅटफॉर्मवर बाहेरचे लोक आपापले प्रोग्रॅम लिहून चालवतात. आम्ही नवं व्हर्जन काढलं म्हणून सगळे लगेच उठून नव्यावर येत नाहीत. मग जुनं अजून किती वर्षं सांभाळायचं, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

सगळ्यात जुन्या व्हर्जनवर अगदी थोडे लोक उरले होते. मेल पाठवून झाल्या, आठवणी करून झाल्या. आमचे साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान. ते म्हणाले, "मॅडम, दुपारी दोन तास ऑफ करू. तेव्हा कोणी वापरत नाही." पुण्यात दुपारी कोणी काही करत नाही, यावर त्यांचा फार विश्वास. त्यांचं चूक होतं असंही नाही, दोन चांगली माणसं त्या जुन्याच्या दुरुस्तीत अडकून पडली होती. मी हो म्हणाले.

ते दोन तास मी फोनकडे बघत बसले. डबा उघडला, तसाच बंद केला. एक फोन नाही, एक तक्रार नाही. साहेब खूश. "सुंठीवाचून खोकला गेला! महिनाअखेरीला कायमचं बंद करू, तुम्ही फक्त अप्रूव्ह करा." सगळ्यांनी चहा मागवला, आणि मी फोन सायलेंटवर तर नाही ना ते तपासलं. मी मुळातच भित्री. आईने दोनदा फोन उचलला नाही की मी मनाने हॉस्पिटलात पोचलेली असते. शेजारची मैत्रीण हसली, "अगं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! कोणी ओरडलं नाही म्हणजे कोणी नाहीच." असेल बाई, म्हटलं. पण अप्रूव्हचं बटण काही माझ्याने दाबवेना.

दुसऱ्या दिवशी त्या व्हर्जनवर अजून काय काय चालतंय ते उघडून बसले. बहुतेक सगळे विसरलेले प्रोग्रॅम होते, रोज ठरल्या वेळी आपलं आपलं चालणारे. एकच वेगळा होता. तो कधी पहाटे चालायचा, कधी जेवणाच्या वेळी, कधी लागोपाठ तीनदा, तर कधी दिवसभर नाही. घड्याळ असं चालत नाही. म्हणजे यामागे कोणा माणसाचं बोट होतं, आणि आम्ही दोन तास त्याला उत्तरच दिलं नव्हतं. मी त्याच्या खात्याची माहिती उघडली.

खात्यावर एक जुना नंबर होता, तो लागायला तिसरा दिवस उजाडला. पलीकडचा मुलगा आता परदेशात. तो म्हणाला, "अय्यो, ते अजून चालू आहे? वारज्याच्या वृद्धाश्रमाचं बेलचं काम मी करून दिलं होतं ते. आजी-आजोबांनी खोलीत बटण दाबलं की मावशींचा फोन वाजतो." मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. आम्ही ओरड्याची वाट बघत होतो, आणि बंद केलं होतं ते ओरडायचं साधनच.

खराडी ते वारजे म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. रिक्षात सबंध वाटभर मला एकच दिसत होतं, पडलेलं कोणीतरी आणि दाबून दाबून थकलेलं बोट. दारातल्या मावशींना विचारलं, परवा दुपारी काही झालं का. त्या म्हणाल्या, "परवा दुपारी? नाय ओ ताई, काय बी झालं नाय. उलट लय शांत गेली दुपार. येकीनं बी बेल मारली नाय. आमी जरा पाठ टेकली." मीही भिंतीला पाठ टेकली. सुटले गं बाई! तिथूनच साहेबांना कळवलं, यांचं काम मी स्वतः नव्यावर नेऊन देईपर्यंत जुनं बंद होणार नाही.

बेल वाजते ना, एवढं बघावं म्हणून एका आजींच्या खोलीत गेले. बटण त्यांच्या उशाशी नव्हतं, कपाटावर होतं. मी दाबलं, तर मावशी धावत आल्या. "काय झालं आजी?" आजी दचकल्या, "मी नाही गं दाबलं, ह्या बाईंनी दाबलं." मावशी हसून परत गेल्या.

"आजी, हे इतकं लांब का ठेवलंय?"

"मीच ठेवायला सांगितलं. परवा दुपारी दाबलं होतं. दोनदा, तीनदा दाबलं. कोणी आलं नाही. म्हटलं, कंटाळल्या असतील पोरी. त्यांनी तरी किती करायचं? आता नाही दाबत."

"मग बाथरूमला जायचं असलं तर?"

"जाते की. भिंत धरून."

मी त्यांच्या पावलांकडे बघितलं. सुजलेली होती. मी बटण कपाटावरून काढून त्यांच्या उशाशी ठेवलं आणि म्हटलं, "आजी, पोरी कंटाळल्या नाहीत हो. त्या दुपारी बेलच बंद होती. आम्हीच बंद केली होती."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "चांगली आहेस गं तू. असंच सांगावं म्हाताऱ्या माणसांना."