ओपन स्पेसवरची येळवस

तुम्ही ज्याला पार्क म्हणता त्याला आमच्या लातुरात ओपन स्पेस म्हणतात. वसाहतीचे प्लॉट पाडताना बागेसाठी म्हणून एक तुकडा सोडावाच लागतो, तो. नकाशात त्याच्यावर हिरवा रंग असतो. जमिनीवर मात्र आधी कुणाच्या तरी बांधकामाची वाळू येऊन पडते, मग गणपतीचा मंडप, मग पत्र्याचं शेड, आणि शेवटी एक सभागृह उभं राहतं. त्याच्या कोनशिलेवर इतकी नावं असतात की ती वाचायला सावली हवी, आणि सावली तर सभागृहासाठी तोडलेली असते.

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तू रोज कुठे फिरायला जातेस? दाखव ना." मी मोबाइल घेऊन बाहेर आले. कडुनिंब दाखवला, करंजाची रांग दाखवली, कडेकडेनं गेलेली पायवाट दाखवली. थोरला म्हणाला, "बस, एवढंच?"

हो, एवढंच. आणि हे एवढंच कसं राहिलं ते सांगते. क्रमाने सांगते, कारण तुमच्या आईचं म्हणणं आहे की मी विषय सोडून भरकटते. आयुष्यभर मुलांना इंग्रजी निबंधाचे परिच्छेद पाडायला शिकवलेल्या बाईवर हा आरोप आहे.

ही झाडं महापालिकेने लावलेली नाहीत. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा या जागेत फक्त कुसळं होती. वसाहतीतल्या बायकांनी वन खात्याच्या रोपवाटिकेतून रोपं आणली आणि ज्या उन्हाळ्यात आपल्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही ती मरू दिली नाहीत. तेव्हा प्यायच्या पाण्याची घागर कुलपात ठेवावी अशी वेळ होती. पण भांडी विसळलेलं शेवटचं पाणी झाडाला, हे ठरलेलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणीही झाडाला. पुरुष हसायचे. एकदा तुमचे आजोबाही हसले. नंतर त्याच कडुनिंबाखाली खुर्ची टाकून त्यांनी शेवटची काही वर्षं पेपर वाचला, तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलते.

पायवाट कुणी आखली नाही. रोज चालून चालून ती पडली. सकाळी आम्ही म्हाताऱ्या चालतो, संध्याकाळी सुना येतात. आणि आमच्याही आधी, उजाडता उजाडता, आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांची बायको चालते. पदर खोचलेला, पायात मुलाचे जुने बूट, मान खाली. बोलायची नाही. आम्ही दिसलो की हसायची आणि घरी जायची. आम्हाला वाटायचं, मोठ्या घरची आहे, मिसळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागच्या दिवाळीनंतर अध्यक्षांनी बैठक घेतली आणि सांगितलं की ओपन स्पेसवर सभागृह मंजूर झालं आहे. अध्यक्ष गृहस्थ वाईट नाहीत. मोठ्या आवाजाचे आहेत, आणि सिमेंट दिसल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटत नाही, एवढंच.

मी विचारलं, "झाडांचं काय?"

"मॅडम, झाडं दुसरीकडं लावू की. एकाला दोन लावू."

"दुसरीकडं म्हणजे कुठं?"

"बगू की. आणि हे सभागृह कुणासाठी हाय? तुमच्याच बायकांसाठी. हळदीकुंकू करा, भिशी करा, डोहाळजेवण करा."

"हळदीकुंकवाला आमची घरं आहेत," मी म्हणाले. "काही न करता बसायला घर नाही. त्यासाठी ही जागा आहे."

सगळे पुरुष माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी जुगाराचा अड्डा मागितला. मग अध्यक्ष म्हणाले, "काही न करता बसायला? लई भारी," आणि सगळे हसले.

मी रीतसर हरकत नोंदवली. नगररचनेच्या कार्यालयात गेले, नकाशा मागितला, हिरव्या रंगावर बोट ठेवलं. तिथल्या साहेबांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि म्हणाले, "मॅडम, ती जागा मोकळीच आहे ना? मग तिथं काही बांधलं तर बिघडलं काय?" मी इंग्रजीतही सांगून पाहिलं. मोकळी ठेवलेली जागा आणि मोकळी पडलेली जागा यातला फरक त्यांना दोन्ही भाषांत समजला नाही.

माझ्या समोरच्या घरात एक शेजारीण आहे, माहेर उदगीरचं, जीभ तिखट. ती म्हणाली, "अक्का, अर्ज करून काय होतंय? दोन दगडं आणा, शेंदूर फासा, ठेवा झाडाखाली. कोण हात लावतंय बगू."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "आज शेंदूर, उद्या ओटा, परवा कळस आणि भोंगा. झाड वाचेल, पण आपण बाहेर चपला काढून रांगेत उभ्या राहू. मला देवळापासूनही ही जागा वाचवायची आहे."

"अगं बाई, तुम्हाला सभागृह नको, देऊळ बी नको. मंग हवं तरी काय?"

"काही नको. तेच तर म्हणते आहे."

डिसेंबर संपत आला आणि एके दिवशी जागेवर चुन्याची पांढरी फक्की पडली. पाया खणायच्या आधी आखून घेतात ना, तशी. एक रेघ कडुनिंबाच्या बुंध्यावरूनच गेली होती. आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष घरोघर आले आणि हात जोडून म्हणाले, "यंदा येळवशीला सगळी कॉलनी माझ्या शेतात. टेम्पो सांगितलाय. चाकूरच्या अलीकडंच हाय रान. कुणी घरी राहायचं न्हाई."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. तुमच्या तिकडे ती नाही, पुण्यामुंबईलाही नाही. ऐन हिवाळ्यात, ज्वारी-हरभरा उभा असताना येणारी ही अमावास्या. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातलं प्रत्येक माणूस शेतात जातं. शहरात दुकानं बंद, रस्ते सुने. शेतात कडब्याची कोप करतात. कोप म्हणजे झोपडीसारखा आडोसा. आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग भज्जी म्हणजे भाज्या-शेंगांचं बेसन लावलेलं कालवण, ताक-ज्वारीची आंबट आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर असं पोटभर जेवायचं. ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. आपलं विकल्यापासून मी शिरूर अनंतपाळला ओळखीच्यांच्या रानात जाते. आणि नियम एकच. कोपीपाशी जो येईल, ओळखीचा, अनोळखी, वैरी, त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही.

अध्यक्ष गेले तशी शेजारीण माझ्या ओट्यावर आली.

"इतक्या वर्षांत या माणसानं कधी शेंगाची टरफलं तरी वाटली का?"

"नाही."

"मंग आख्ख्या कॉलनीला भज्जी?"

आम्ही दोघींनी एकदमच त्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. कॉलनी रिकामी करायची, आणि आम्ही तिकडे बोटं चाटत बसलो असताना इकडे जेसीबी लावायचा. परत येऊ तेव्हा झाड आडवं. मग भांडायला काही उरत नाही.

हुशारी होती, पण चूकही होती, आणि ती या मातीतल्या माणसानेच करावी याचं मला नवल वाटतं. येळवस शेतातच करावी लागते असं त्यांनी धरलं होतं. कोप जिथं घालाल तिथं येळवस.

आम्ही घरोघर फिरलो. काही जणी घाबरल्या, काहींच्या नवऱ्यांनी डोळे वटारले. एक सून म्हणाली, "सासूबाईंना विचारते," आणि सासूबाई आतून ओरडल्या, "विचारायचं काय त्यात, कडबा कुठून आणायचा ते बग!" शेवटी कडबा शेजारणीच्या भावाच्या ट्रॅक्टरमधून आला.

येळवशीच्या सकाळी कडुनिंबाखाली, फक्कीच्या रेघेवर बरोबर मधोमध, आम्ही कोप उभी केली. पाच दगड झाडाच्या आळ्याचेच घेतले, चुन्यात बुचकळले, आणि मी सगळ्यांना बजावलं की संध्याकाळी हे दगड परत आळ्यात जातील. इथं कुणी मुक्काम करायचा नाही, पांडवांनीही नाही. चुली पेटल्या. कॉलनीतली जवळजवळ सगळी घरं आली. अध्यक्षांचा टेम्पो कोपऱ्यावर थांबला, हॉर्न वाजवत राहिला, आणि रिकामाच निघून गेला.

मग जेसीबी आला.

चालक परप्रांतातला होता. इथला कुणी आलाच नसता. येळवशीला आमच्याकडचा माणूस भुईत फावडंसुद्धा घालत नाही, तिची पूजा करतो. त्याने इंजिन बंद केलं, चुली बघितल्या, कोप बघितली आणि मला म्हणाला, "अम्मा, ये क्या है? मुझे तो बोला मैदान खाली है."

शेजारीण म्हणाली, "खाली नहीं है बेटा, भरा है. उतर, खाना खा."

"मालिक चिल्लाएगा."

"चिल्लाने दे. उसको भी खिलाएंगे."

तो उतरला. आंबिलीचा पहिला घोट घेताना त्याने तोंड वाकडं केलं, दुसरा मात्र स्वतःहून मागितला.

मला खरी भीती अध्यक्षांची होती. ते येतील, ओरडतील, मग बायकांचे नवरे आपापल्या बायकांना घरी चला म्हणतील आणि एकेक करत गर्दी विरेल. असंच होत आलं आहे. पण आधी परत आला तो टेम्पो, आणि त्यातून उतरली अध्यक्षांची बायको. एकटी. मागे भज्जीची दोन मोठी पातेली, आंबिलीची बिंदगी, फडक्यात बांधलेले उंडे.

आम्ही चुली सोडून टेम्पोपाशी गेलो. तीच म्हणाली, "पहाटेपासून आख्ख्या कॉलनीचं रांधलं. रानात बगते तर खायला माणूसच न्हाई. मंग माणसं जितं हायत तितं घेऊन आले."

तिने पातेली उतरवून घेतली, कोपीपुढे वाकून नमस्कार केला आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "बाई, खरं सांगू का? घरात बसलं की कुणी ना कुणी चहा मागतंय. मीटिंग म्हनू नका, पाव्हणे म्हनू नका. इथं चालताना कुणी काय मागत न्हाई. सभागृह झालं की तिथला चहा बी माझ्याच चुलीवर हाय."

बैठकीत सगळे ज्या वाक्याला हसले होते ते याहून नीट मलाही मांडता आलं नव्हतं.

अध्यक्ष आले ते मोटरसायकलवरून, चेहरा लाल. आधी चालकावर ओरडले, त्याच्या हातात उंडा होता. मग बायको दिसली.

"तू इथं काय करलालीस? घरी चल."

ती उठली नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "जेवल्याबिगर कसं जाताव? येळवस हाय. बसा."

"मी काय मनलालो, ऐकू येत न्हाई का?"

"यायलंय की. बसून बोला. भज्जी माझ्याच हातची हाय, रोजच्यासारखी."

सगळी कॉलनी बघत होती. कोपीपाशी आलेल्या माणसाने वाढलेलं ताट नाकारून जायचं, तेही स्वतःच्या बायकोने वाढलेलं, हे आमच्याकडे कुणी करत नाही. सिमेंटवर कितीही प्रेम असो, माणूस चाकूरचा होता. ते बसले. शेजारणीने त्यांच्या ताटात भज्जीचा डाव असा घातला की सदऱ्यावर शिंतोडे उडाले.

"अध्यक्ष, लाजू नका. जागा तुमचीच हाय. सगळ्यांचीच हाय."

हात धुताना ते मला म्हणाले, "मॅडम, आजचं झालं. उद्या काय करताव?"

"उद्या फिरायला येणार. परवाही येणार."

"रेघा आखल्यात मी."

"दिसल्या. त्यावरूनच चालणार आहोत."

आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गेले, तर ती आधीच आली होती. ती आज कडेच्या पायवाटेवर नव्हती. मुलाचे जुने बूट घालून फक्कीच्या रेघेवरून चालत होती, पाय घासत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मान खाली नव्हती. मी तिच्या मागे चालू लागले, मग शेजारीण आली, मग सुना आल्या. आठवडा संपायच्या आत रेघ कुठे होती ते सांगता येईना.

सभागृह रद्द झालेलं नाही, हेही सांगून ठेवते. कागदावर ते अजून "पुढील बैठकीपर्यंत" आहे. संक्रांतीनंतर पुन्हा एकदा फक्की पडली. आम्ही पुन्हा चाललो. पाच दगड आळ्यात परत गेले, चुना अजून थोडा दिसतो. आता पुन्हा आखतील, आणि पुन्हा चालावं लागेल. माझे गुडघे कुरकुरतात, पण अध्यक्षांच्या बायकोचे अजून चांगले आहेत, आणि सुनांचे तर त्याहून.

तुम्ही डिसेंबरात येणार म्हणालात. येताना चॉकलेटं आणू नका. चालायचे बूट आणा.